इंग्रजीतून विनंती करताना



इंग्रजीचे व्याकरण म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवते, कर्तरी-कर्मणी आठवते, आणि काहींना छडीही आठवते. आज त्यातले काही नको. आज एवढेच पाहू या, की दुसऱ्याजवळ काही मागायचे झाले, मग ती रजा असो, पाणी असो, बँकेतला फॉर्म असो की नुसती रस्त्याची चौकशी असो, तर ते इंग्रजीत कसे मागावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मराठीत अगदी अदबीने बोललेले वाक्य इंग्रजीत गेल्याबरोबर उद्धट का होते.

ते तसे होते, ह्यात शंका नाही. माझ्या वर्गात खेड्यांतून आलेली मुले असतात. कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. असा एखादा मुलगा शहरात मुलाखतीला जातो. साहेब विचारतात, कामावर कधी येशील? मुलगा उभा राहून, हात मागे बांधून म्हणतो, "सर, गिव्ह मी टू डेज टाइम." साहेबांच्या कपाळाला आठी पडते. मुलाला कळत नाही काय चुकले. त्याने मनात जे जुळवले होते ते असे: "सर, मला दोन दिवसांची मुदत द्या." ह्या वाक्यात कोणी उद्धटपणा दाखवून द्यावा! पण साहेबांच्या कानावर जे पडले ते "दोन दिवस दे मला" असे पडले. नोकरी ह्या एका वाक्याने जाते असे मी म्हणत नाही. मात्र मुलगा शिष्टाचार शिकलेला नाही, असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो, आणि तो शेरा खोटा असतो. तो शिष्टाचार शिकलेला आहे, पण मराठीत. इंग्रजीत तो नेऊन ठेवायचा कोठे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा हे सांगायला वेळ मिळाला नाही असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

आपला शिष्टाचार असतो कोठे? तो असतो क्रियापदाच्या शेपटात. 'दे' म्हटले की लहान भाऊ, 'द्या' म्हटले की गुरुजी. दोन्ही आज्ञार्थच. पण 'द्या' हे अनेकवचन आहे, आणि एका माणसाला अनेकवचनाने बोलावणे हाच आपला नमस्कार. म्हणून मराठी माणसाला 'कृपया' हा शब्द बोलताना फारसा लागत नाही. तो पाटीवर लिहायचा शब्द. घरात आईला "कृपया भाकरी वाढ" म्हणून पाहा, ती कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. आपल्याजवळ 'जरा' आहे, 'तेवढं' आहे, 'ना' आहे. "जरा सरका." "तेवढं मीठ द्या." साताऱ्या-कोल्हापूरकडचा माणूस "द्या की" म्हणेल, वऱ्हाडातला "द्या ना जी" म्हणेल. काम भागते, आणि मानही राखला जातो.

इंग्रजीत हे शेपूट नाही. 'गिव्ह' हे राजालाही 'गिव्ह', आणि कुत्र्याला काठी आण म्हणतानाही क्रियापद तसेच उघडे. पूर्वी असे नव्हते. एके काळी इंग्रजीत 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा भेद होता, आणि मोठ्या माणसाला 'यू' म्हणण्याची रीत होती. पुढे लोक सर्रास सगळ्यांनाच 'यू' म्हणू लागले, आणि १७ वे शतक संपता संपता शिष्ट बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ उठून गेले. त्याच शतकात क्वेकर पंथाच्या मंडळींनी मात्र उलटा हट्ट धरला. देवापुढे सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीश असो की सरदार असो, आम्ही सर्वांना 'दाऊ'च म्हणणार. ऐकणाऱ्यांना तो धडधडीत अपमान वाटे, आणि त्यापायी त्या लोकांना त्रासही सोसावा लागला. पण शेवटी टिकले ते 'यू'. सगळेच 'तुम्ही' झाले, आणि त्यामुळे 'तुम्ही'तला मान संपला. ज्या गावात घरटी एक पाटील, त्या गावात पाटीलकीला कोण विचारतो?

मग मान दाखवायचा कसा? इंग्रजीने दुसरी वाट काढली. आज्ञा करायचीच नाही, प्रश्न विचारायचा. "दे" असे म्हणायचे नाही, "देशील का, देता येईल का" असे विचारायचे. म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा राहते. ही जागा ठेवणे, हेच इंग्रजी विनंतीचे मर्म आहे. आपल्याकडे त्याला भीड म्हणतात. सरळ तोंडावर मागितले तर माणूस भिडेला पडतो. त्याला भिडेला न पाडता मागणे ही कला. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन ह्या दोन अभ्यासकांनी १९७८ साली ह्या विषयावर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला, १९८७ साली तो पुस्तकरूपाने निघाला, आणि आजही ह्या विषयाचा अभ्यास त्यांना वगळून होत नाही. त्यांनी उदाहरणे घेतली तीन भाषांची: इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल, आणि आपल्या कोइमतूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली तमिळ. विनयाचे शास्त्र शोधायला माणसे भारतातल्या खेड्यात आली होती, हे आपल्याकडच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता 'प्लीज'विषयी. हा शब्द मूळचा 'इफ इट प्लीज यू' अशा वाक्यातला. म्हणजे 'आपली मर्जी असेल तर'. मूळ अर्थ उत्तम. पण वापरून वापरून नाणे झिजले. आपली समजूत अशी, की कोणत्याही आज्ञेपुढे 'प्लीज' लावले की तिची विनंती होते. तसे होत नाही. "प्लीज गिव्ह मी लीव्ह" ही आज्ञाच आहे, फक्त तिच्या गळ्यात हार घातलेला आहे. हा हार चालतो कोठे, तर जेथे काम ठरलेले आहे आणि नकाराचा प्रश्नच नाही तेथे. "प्लीज साइन हिअर", येथे सही करा. दुकानात, तिकिटाच्या खिडकीवर तर क्रियापदही नको. "टू टिकेट्स टु नाशिक, प्लीज." आपण एस.टी.त कंडक्टरला नुसते "दोन नाशिक" म्हणतो, तसेच. पण ज्याची परवानगी पाहिजे, ज्याला कष्ट पडणार आहेत, त्याच्याजवळ मागताना 'प्लीज'वर भागत नाही.

आणि 'आय वाँट' तर घरीच ठेवून जावे. मराठीत "मला एक वही पाहिजे" म्हटले तर दुकानदार वही काढून देतो, रागावत नाही. इंग्रजीत "आय वाँट अ नोटबुक" हे हट्टी पोराचे बोलणे वाटते. तेथे "आय'ड लाइक अ नोटबुक" म्हणावे. किंवा "कुड आय हॅव अ नोटबुक, प्लीज?" आपण तहानलेले असताना परक्या दारात उभे राहून काय म्हणतो? "पाणी मिळेल का?" पाणी द्या असे म्हणत नाही, देणाऱ्याचे नावही घेत नाही, पाणी मिळण्याची शक्यता तेवढी विचारतो. 'कुड आय हॅव सम वॉटर' म्हणजे तेच.

येथे विद्यार्थी हमखास अडतो. तो विचारतो, "सर, 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ ना? 'वुड' हा 'विल'चा? मग पाणी आत्ता मागायचं, आणि भूतकाळ कशाला?" प्रश्न चोख आहे. बहुतेक पुस्तके उत्तर देतात की हा जास्त सभ्य प्रकार आहे, पाठ करा. तसे पाठ करायला लावू नये. कारण उत्तर मुलाच्या तोंडातच आहे, ते त्याला दाखवून द्यावे.

संध्याकाळची वेळ आहे. पेरणीची घाई आहे, वाफसा जाईल ही धास्ती आहे. माणूस शेजाऱ्याच्या ओट्यावर येतो. त्याला बैलजोडी हवी आहे, पण "बैलं द्या" असे तो म्हणत नाही. आधी पावसाचे बोलणे होते, बियाण्याचे होते. तंबाखू मळून होते. मग तो म्हणतो, "नाही, म्हटलं, उद्या बैलं रिकामी असली तर..." आणि वाक्य तेथेच सोडून देतो.

गुरुजी, हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा. तो आत्ता बोलतो आहे, मग 'म्हटलं' हा भूतकाळ कसा? गोष्ट उद्याची आहे, मग 'असली' हे रूप कसे? कोणी अजून नकार दिलेला नाही, तर 'नाही' कशाला? आणि 'तर'च्या पुढचे वाक्य गेले कोठे? ह्या चारही गोष्टींचे उत्तर एक आहे. मागणे जवळ आणून आदळायचे नाही, ते थोडे लांब ठेवायचे. भूतकाळ हे लांब ठेवण्याचे साधन आहे. जणू हा विचार मघाशीच कधीतरी मनात येऊन गेला होता, आता तुम्ही नाही म्हटलेत तरी माझे काही बिघडत नाही. 'असली तर' हा आपल्या व्याकरणातला संकेतार्थ. गोष्ट खरी आहे असे न धरता तिची अट तेवढी पुढे ठेवणारा. आणि पुढचे अर्धे वाक्य शेजाऱ्यासाठी मोकळे ठेवलेले आहे. त्याला द्यायचे असतील तर तोच म्हणेल, "न्या की, त्यात काय!" नसतील तर म्हणेल, "उद्या आमच्याच खालच्या वावरात..." कोणी मागितले नाही, कोणी नाकारले नाही. बैलांच्या जागी आता बऱ्याच गावांत ट्रॅक्टर आला, पण मागण्याचे वाक्य हेच.

आता ह्याचे इंग्रजी करा. "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड लेंड मी द बुलक्स टुमारो." 'वॉज वंडरिंग', म्हणजे 'मी म्हणत होतो', 'म्हटलं'. 'इफ' म्हणजे 'तर'. आणि 'कुड' म्हणजे 'असली'मधला तो लांब ठेवणारा भूतकाळ. पेच न् पेच जुळतो. आपण कचेरीत जातो आणि म्हणतो, "साहेब, थोडं काम होतं." काम होते कोठले, अजून आहे! दुकानात म्हणतो, "एक कंदील हवा होता." हा 'होता' म्हणजेच 'वुड' आणि 'कुड'. ज्याला 'हवा होता' कळते त्याला 'आय'ड लाइक' कळलेच पाहिजे.

ह्यावरून पायऱ्याही समजतात. "कॅन यू टेल मी द टाइम?" हे मित्राला, ओळखीच्याला ठीक. "कुड यू टेल मी द टाइम?" हे परक्या माणसाला. मागणे मोठे असेल तर "आय वॉज वंडरिंग" पर्यंत चढावे. फक्त उत्तर देताना चढू नये. "कुड यू हेल्प मी?" असे कोणी विचारले तर "येस, आय कुड" म्हणायचे नसते, "सर्टन्ली" किंवा "ऑफ कोर्स" म्हणावे. मान मागणाऱ्याने द्यायचा, देणाऱ्याने तो परत करून मोजायचा नाही.

'कुड यू टेल मी'च्या पाठोपाठ दुसरा एक खड्डा येतो. शाळेत आपण मुलांना घोकून घेतो की प्रश्नात क्रियापद आधी: "व्हेअर डज द बस स्टॉप?" ते बरोबरच आहे. पण तोच प्रश्न विनंतीच्या पोटात गेला की पुन्हा सरळ होतो: "कुड यू टेल मी व्हेअर द बस स्टॉप्स?" कारण प्रश्न 'कुड यू'मध्ये एकदा विचारून झालेला आहे. मराठी मुलाला खरे तर हे सोपे. "बस कुठं थांबते" आणि "बस कुठं थांबते सांगाल का" ह्यांत आपण काहीच हलवत नाही.

'मे'विषयी थोडे. वर्गाच्या दारात उभे राहून "मे आय कम इन, सर?" हा मंत्र महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांना येतो, तो बरोबर आहे. पण तो इतका अंगवळणी पडतो की मुले पुढे "मे यू गिव्ह मी लीव्ह" असे लिहू लागतात. हे येते आपल्या विध्यर्थातून. आपल्या अर्जात असते, "तरी मला रजा मिळावी, ही विनंती." हे 'मिळावी' किती सुंदर रूप आहे पाहा. देणारा कोण त्याचा उच्चार नाही, आज्ञा नाही, प्रश्नही नाही. पत्राच्या शेवटचे "लोभ असावा, ही विनंती" हेही तसेच. ह्या '-वा, -वी, -वे'ला रोजच्या इंग्रजीत जोडी नाही. मुलगा 'मे' घेतो. पण इंग्रजीत 'मे यू'ने वाक्य सुरू झाले की तो आशीर्वाद होतो. 'मे यू लिव्ह लाँग', शतायुषी हो. प्राचार्यांना रजेच्या अर्जात आशीर्वाद देणारा विद्यार्थी विरळाच म्हणायचा. 'मे' फक्त स्वतःसाठी मागावे, 'मे आय' म्हणावे. दुसऱ्याला 'कुड यू' किंवा 'वुड यू'.

रजेचा अर्ज निघालाच आहे तर त्याचे पुरे करू. जुन्या अर्जांत सुरुवात 'आय बेग टु स्टेट'ने होई आणि शेवट 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'ने. हा शेवट इंग्रज अधिकारीही एकमेकांना लिहीत. त्यांच्यात ती नुसती रीत होती, कोणी कोणाचा चाकर नव्हता. आपल्याकडे ती रीत पोटात उतरली. माणूस लिहिताना खरोखरच वाकू लागला. माझे मत विचाराल तर 'बेग' हा शब्द मुलांना शिकवूच नये. ताप आला म्हणून तीन दिवस घरी राहायचे, ह्यात भीक मागण्यासारखे काय आहे? आधी कारण सरळ सांगावे, आणि मग एक वाक्य: "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज." पुन्हा तोच संकेतार्थ, आपण रजा दिलीत तर मी आभारी होईन. खाली 'युअर्स फेथफुली'. पुरे. 'काइंडली' आणि 'डू द नीडफुल' आपल्या कचेऱ्यांत अजून चालतात, पण इंग्लंडात 'डू द नीडफुल' जुनाट वाटते, आणि "विल यू काइंडली" असे कोणी बोलताना म्हटले तर बहुधा तो माणूस चिडलेला असतो.

'रिक्वेस्ट' वापरायचेच असेल तर "आय रिक्वेस्ट यू टु" असे. 'आपणांस विनंती' ह्यातला 'स' मुले ओढून नेतात आणि "आय रिक्वेस्ट टु यू" लिहितात. त्या 'स'ला तेथे जागा नाही.

आता 'वुड यू माइंड'. हा प्रकार म्हणजे इंग्रजीतला चकवा. "वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?" पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागतो, हे व्याकरण मुले शिकतात. उत्तर शिकत नाहीत. प्रश्नाचा अर्थ 'खिडकी उघडायला आपली काही हरकत आहे का' असा आहे. विद्यार्थी मोठ्या तत्परतेने "येस सर" म्हणतो, म्हणजे 'हो, हरकत आहे', आणि खिडकी उघडायला उठतो. "नो, नॉट अॅट ऑल" म्हणावे आणि उठावे. मराठीत आपण हे रोज करतो. "इथं बसलो तर चालेल ना, हरकत नाही ना?" "नाही नाही, बसा." 'नाही' म्हणून आपण होकारच देतो.

ह्याचा अर्थ आज्ञार्थ वाईट असा मात्र नव्हे. ज्यात ऐकणाऱ्याचे भले आहे तेथे आज्ञाच गोड. इंग्रज पाहुण्याला म्हणतो, "कम इन! डू सिट डाउन! हॅव सम मोअर टी!" येथे प्रश्न विचारला तर आदरातिथ्य कमी पडते. हे आम्हाला कोणी शिकवायला नको, "चहा घ्या" आणि "चहा घेणार का?" ह्यांतले अंतर ज्याला कळत नाही असा मराठी माणूस नाही. एका शहरावर त्यावरून बरेच विनोद झाले आहेत, नाव मी घेत नाही. आणि संकटात तर कोठल्याच भाषेत विनय नसतो. मागे साप असला तर "आपण जरा बाजूला होण्याची कृपा कराल का" असे कोणी म्हणत बसत नाही. हेच वाक्य सख्ख्या भावाला म्हटले तर तो टोमणा होतो. इंग्रजीतही घरच्या माणसाला "वुड यू बी सो काइंड अॅज टु" म्हटले की भांडणाची सुरुवात समजावी. "कान्ट यू बी क्वाएट?" हा प्रश्नाच्या वेषातला दम आहे, आपले "गप्प बसता येत नाही का?" त्याचे जुळे भावंड.

हे सारे नुसते लिहून येणार नाही. मुलांना बोलू द्यावे. एकाने दुकानदार व्हावे, एकाने गिऱ्हाईक, आणि "कुड आय हॅव" म्हणताना वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला पाहिजे. आपल्याकडे प्रश्नाचे काम 'का' करतो, म्हणून आवाज सपाट राहिला तरी चालते. इंग्रजीत 'का' नाही. सपाट, जड आवाजात म्हटलेले "कुड यू साइन धिस" हुकमासारखेच लागते. आणि 'वुड', 'कुड' लिहिताना त्यांत 'ल'चे अक्षर असले तरी बोलताना त्याचा उच्चार मुळीच नाही, हे जाता जाता.

शिक्षकांसाठी चार वाक्ये ठेवतो. पुढच्या आठवड्यात वर्गात द्यावीत. "जरा पेन देता का?" "साहेब, तुमच्याकडे थोडं काम होतं." "दाखला उद्या मिळाला तर बरं होईल." "इथं सायकल लावली तर चालेल ना?" मुलांनी शब्दाला शब्द लावू नये, आधी त्यांनी प्रत्येक वाक्यातली लांब ठेवणारी जागा कोणती ती बोटाने दाखवावी, आणि मगच इंग्रजीकडे वळावे. शेवटच्या वाक्यात 'वुड यू माइंड इफ आय' येईल, आणि त्याच्यापुढे 'पार्क' नव्हे, 'पार्क्ड' येईल. का, ते मुलेच सांगतील. 'लावली' हे रूप त्यांच्या समोरच आहे.